खो-खोचा खांब निळा झाला त्या दिवशी

मी एक जुना खांब आहो, मित्रांनो. लाइटचा नाही, मांडवाचा नाही, खो-खोचा. रायपुरात रेल्वे लाइनच्या बाजूले आमचा पारा, म्हणजे मोहल्ला आहे, तिथल्या मैदानात मी उभा असतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाले माझा भाऊ आहे. एकाच सरईच्या, म्हणजे सालाच्या झाडाच्या खोडातले आम्ही दोघं, पण गाडल्यापासून आमची भेट नाही झाली. मधात पोरी बसतात ना!

आम्हाले लहानूबाबानं बनवलं. ते रेल्वेच्या वॅगन कारखान्यात सुतार होते. रिटायर झाले तरी त्यांचे हात काही चूप बसत नव्हते. रंधा मारायचे, मग मले आपल्या गालाले लावून पाहायचे. जराशी खरखर लागली का पुन्हा रंधा. पोरींच्या हाताले काडी रुतू नये म्हणून एवढं सारं. मले मैदानात गाडलं तेव्हा साऱ्या पाऱ्यानं वाहवा केली. मी तर फुगून गेलतो.

पण मले एक गोष्ट समजत नव्हती. हा खेळ आहे तरी काय? एक पोट्टी पळते अन् आठ जणी लाइननं बसून राहतात. बसाले यांले घर नाही का? पळणारीले मागं फिरता येत नाही. फिराचं असन तं माझ्यापर्यंत या, मले धरा, गोल फिरा, मग तिकडून जा. अन् सगळ्यात अजब म्हणजे, ती थकली नसली तरी बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारते, "खो!" म्हणून ओरडते, अन् तिच्या जागेवर आपण बसून जाते. आपली पाळी दुसरीले देऊन टाकते! राशनच्या लाइनीत कोणी असं करते का, सांगा बरं!

मग काही वर्षं कोणी खेळालेच नाही आलं. मले बकरी बांधली. मग दोरी बांधून गोधड्या वाळवल्या. पोट्टे यायचे, पण माझ्या अंगाले टेकून मोबाइल पाहायचे. पाठी लय लागल्या मले त्या दिवसांत, हात एकही नाही लागला. राग यायचा, पण खांब कोणाले म्हणणार?

एक दिवस सुशीला मॅडम आल्या. शाळेत खेळाच्या मास्तरीण होत्या, आता रिटायर होऊन आमच्या पाऱ्यात राहाले आल्या. त्यांनी बकरी सोडली, दोरी कापली, शिट्टी वाजवली. पोरी जमल्या. त्यातच मोनाली होती.

मोनालीसारखी पळणारी मी पाह्यली नाही. पण डोकं? माचिस! नववीत नापास झाली, तं लहान पोरींसंगं पुन्हा त्याच बाकावर बसाचं नाही म्हणून शाळाच सोडून देल्ली. घरी दिवसभर कटकट. संध्याकाळी मैदानात यायची, तेवढाच तिचा दिवस. अन् खेळात एकदा का पळाले लागली, तं कोणाले खो देतच नव्हती.

"मोनाली, काहून वो एकटीच पळून राहिली?" मॅडम म्हणायच्या.

"मॅडम, कमलाले खो देल्ला तं ती उठेपर्यंत समोरची पार शहराबाहेर सिलतऱ्याले पोहोचते!"

कमला जाडजूड, दहावीतली पोरगी. ती बसल्या जागेवरून म्हणे, "हव का? अन् तुले भेटली का ती? तू तं सिलतऱ्याच्याही पुढं जाऊन आली!"

सगळ्या हसायच्या. मोनाली पाय आपटत निघून जायची. शेवटी एक दिवस मॅडमनं तिले माझ्याजवळ उभं केलं.

"रविवारी तेलीबांध्याची टीम येऊन राहिली. त्या दिवशीही एकटीच पळाली, नाही तं कोणाशी भांडली, तं सोमवारपासून येऊ नको. मले तुझे पाय पाहिजेत, पण बाकीच्या आठ जणींले घरी बसवून नाही."

मोनाली मले एका हातानं धरून उभी होती, सोडतच नव्हती. मैदान गेलं तं तिच्याजवळ राहते काय?

रविवार आला. पाहुणे येऊन राहिले म्हणून लहानूबाबाच्या मनात आलं, खांब चकाचक पाहिजेत. चौदा एप्रिलच्या जयंतीले पाऱ्याचं गेट रंगवलं होतं, त्यातला निळा ऑइल पेंट घरी उरलेला होता. सकाळीच ब्रश घेऊन आले अन् आम्हा दोघा भावाले रंगवून टाकलं. थंडीचे दिवस, दवही पडलेलं. रंग सुकाचा कसा? पोरींनी पाह्यलं, पण बाबाले कोण टोकणार? ज्यानं बनवलं त्यालेच शिकवाचं का?

मॅच सुरू झाली. तेलीबांध्याच्या पोरी पहिले पकडाले निघाल्या, पांढऱ्याशुभ्र नव्या टी-शर्टात. त्यांच्यातल्या पहिलीनं जोरात येऊन मले धरलं, तिचा हात सटकला, अन् ती कोपरावर पडली. उठली, पळाली, बसलेलीच्या पाठीवर थाप मारली, "खो!" पांढऱ्या टी-शर्टावर निळा हात छापला. दुसरीनं तिकडं माझ्या भावाले धरलं, तिसरीच्या पाठीवर छापला. आमच्या पोरी पोट धरून हसाले लागल्या.

त्यांचे शेखर सर तणतणत मैदानात आले. "थांबवा! हे काय आहे? मुद्दाम केलं तुम्ही! नयी ड्रेस है इनकी!"

लहानूबाबा हातातला ब्रश लपवत पुढं आले. "सर, चूक झाली. पाहुणे येणार म्हणून..."

"अक्कल आहे का बाबा तुम्हाले? आम्ही चाललो परत!"

मोनाली सर्रकन उठली. मुठी वळलेल्या, नाकपुड्या फुगलेल्या. मॅडम शिट्टी तोंडात धरून तिच्याकडंच पाहून राहिल्या होत्या. मले वाटलं, झालं! आता ही सराले धरते, अन् आपलं मैदानही घालवते.

ती पळत माझ्यापर्यंत आली. मले धरलं. हात सटकला. तिनं आपला निळा तळहात पाह्यला, मग खालची माती पाह्यली. थोडी माती तळहाताले चोळली अन् मले पुन्हा धरलं. या वेळी हात नाही सटकला.

मग ती लहानूबाबाकडं वळली. अशा आवाजात मी तिले कधी बोलताना आइकलं नव्हतं. "बाबा, तुमच्या रंगावर माती टाकू का? खराब दिसन."

लहानूबाबानं ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "टाक वो पोरी. खांब धराले असते, पाहाले नाही."

माती टाकाले दोन्ही टीमच्या पोरी धावल्या. माझी तं पार रया गेली. ज्या पोरीचं कोपर खरचटलं होतं, तिले मोनालीनं पाणी आणून देल्लं. ती पोरगी म्हणे, "सर, अब तो खेलने दो ना! टी-शर्ट तो वैसे भी गया!" शेखर सराले हसू आलं. मॅच पहिल्यापासून सुरू झाली.

आमची पकडाची पाळी आली. मोनाली पळाली. समोर लांब वेणीवाली, लय चपळ. मोनालीचा हात तिच्या वेणीपर्यंत पोहोचला, अन् वेणीवाली दोन बसलेल्या पोरींच्या मधून पलीकडं निघून गेली. मोनालीले तिकडं वळता येत नव्हतं. आता ती माझ्याकडंच येणार, मले धरून फिरणार. मी तयार होतो.

हात आलाच नाही. ती कमलाच्या मागं थांबली होती.

"खो!"

कमलाचं तोंड पलीकडंच होतं. ती उठली, अन् वेणीवाली सरळ तिच्या समोर! कमलानं नुसता हात लांब केला. आऊट! कमला आपल्याच हाताकडं पाहत उभी राहिली. त्या दिवशी मले समजलं, बसलेल्या आठ जणी काही आराम नाही करून राहिल्या.

मॅच आम्ही एका पॉइंटनं हारलो. मॅडमनं कमलाले जवळ बोलावलं अन् पाठमोरी केली. तिच्या शर्टावर निळे-मातकट हातच हात.

"हे कोणाचे?"

"हिचेच, मॅडम! एवढ्या जोरानं मारते, आतून पाठ लाल झाली असन."

"हळू मारला असता तं तू उठली असती का?" मोनाली म्हणाली, अन् मॅडमकडं न पाहता जमीन उकराले लागली.

मॅडम म्हणाल्या, "उद्या साडेपाचले. उशीर नको."

मोनाली पुन्हा शाळेत जाईन का? मले नाही माहीत. पण आता खेळ झाला का ती माझ्या बुडाशी बसते अन् कमलाले विचारते, "हे बीजगणित काय असते वो?" कमला काडीनं मातीत लिहून समजावते. मोनाली दोनदा चिडते, तिसऱ्यांदा "थांब, आता मी करतो" म्हणून काडी हातात घेते.

मित्रांनो, तुमच्या पाऱ्यात मैदान असन तं त्याले मैदानच राहू द्या. माझ्यासारख्याले बकरी नका बांधू, सजवूही नका. येऊन हात लावा, पळा, पडा, भांडा, अन् पुन्हा खेळाले या. मले अजून लय जणींचे हात ओळखाचे आहेत.