पहिलीतली मोहना

"बाई, शाळा बंद तर नाही ना पडायची?" धनाजीने विचारले.

"अरे, मी आहे ना!" मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्याच्या उंबऱ्यावरच टेकल्या.

धनाजी बडोद्याबाहेर, छाणी गावात वेल्डिंग करायचा. घरासमोरच गुजराती शाळा होती आणि पोरीचे नाव तो तिथेच घालणार होता. बाईंची सरकारी मराठी शाळा लांब, बडोद्यात. एके काळी तिथे जुन्या दरबारी घरांतली मुले दाटीवाटीने बसत. ती घरे गोत्रीसारख्या नव्या वस्तीतल्या सोसायट्यांत गेली, मुले इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढली. उरली ती धुळ्या-जळगावाकडून पोटामागे आलेल्यांची लेकरे, तीही हाताच्या बोटांवर. शाळा फार दिवसांची नाही, हे शिक्षण खात्याच्या साहेबांनी बाईंना तोंडावर सांगितले होते. पण आपण निवृत्त होईपर्यंत तरी ती टिकावी, असे बाईंना वाटे.

"आपली भाषा आहे रे. गावी आजीला पत्र लिहील पोरगी."

"तुमचा नातू कुठं जातो बाई?" धनाजीच्या बायकोने, कुसुमने, आतून विचारले.

"त्याचं त्याचे आईबाप बघतात," बाई म्हणाल्या. नातू उत्कर्ष इंग्रजी शाळेत होता.

धनाजीची मोहना बाईंच्या वर्गात आली. दोन वर्षांत घडाघडा वाचू लागली. तिसरीला गेली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर शाळा बंद झाली. बाईंना दुसरी शाळा मिळाली, घराजवळची. मुले गुजराती शाळांत वाटली गेली.

त्यानंतर एकदा मंडईत कुसुम दिसली, तेव्हा बाई झटकन दुसऱ्या गल्लीत वळल्या. पण शेवटी त्या छाणीला गेल्या.

"परत पहिलीत बसवलंय," धनाजी म्हणाला. "कक्को येत नाही म्हणतात, गुजराती मुळाक्षरं. तुमच्यावर राग नाही बाई. शाळा बंद पडंल हे तुम्हाला तरी काय ठाऊक?"

"ठाऊक होतं."

धनाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. मग पाठ फिरवून कामाला लागला.

"मी रोज येईन. गुजराती शिकवीन तिला," बाई त्याच्या पाठीला म्हणाल्या.

"आधी तिला तर विचारा," कुसुम म्हणाली. "समोर शाळेतच आहे."

वर्गाच्या दारातून बाईंनी पाहिले. चिमुरडी पोरे फरशीवर मांडी घालून 'क कमळनो क' म्हणत होती. त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेतलेली मोहना. ओठ मिटलेले.

तिची नजर दाराकडे गेली. बाईंना पाहताच ती उठून उभी राहिली, हात जोडून, बाईंनीच शिकवले होते तशी.

पुढच्या पोरांनी मागे वळून पाहिले. काय करायचे ते त्यांना कळेना. मग तिच्याकडे बघत एकेक जण उठला, हात जोडले, आणि सगळा वर्ग उभा राहिला.

दारात बाईंनीही हात जोडले.