गौरांगच्या नावाची निळी पट्टी

मी एक चुंबकाची पट्टी बोलतेय. लांबीला बोटभर, रंगाने निळी. माझ्या अंगावर काळ्या मार्करने ‘गौरांग’ असं लिहिलंय. अक्षर त्याच्या बाबांचं, वासुदेवरावांचं. ते इथे जर्मनीत, गेर्लिंगेनच्या एका कंपनीत प्रॉडक्शनचं प्लॅनिंग बघतात. तिथलं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, तेव्हा जुना लोखंडी फळा भंगारात निघाला. तो त्यांनी रीतसर विचारून घरी आणला, आम्हा साठ पट्ट्यांसकट, आणि स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलामागे ठोकला. त्या भिंतीवर लावायला त्याच्या आईने, सुमेधाताईंनी, पुण्याहून एक चित्र आणलं होतं. ते अजून कपाटात आहे.

फळा आला तो गौरांगमुळे. पोरगा इथेच जन्मला, आठव्या वर्षापासून क्लबात बेसबॉल खेळायचा. पिचर होता, म्हणजे आपल्याकडचा बोलर समजा. अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या संघाने त्याच्याशी करार केला. पण मोठ्या संघात लगेच कोणी घेत नाही. त्याच्या खाली चार धाकटे संघ असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. शे-दीडशे पोरं त्या जिन्यावर धापा टाकत असतात आणि वर पोचतात ती दोन-चार.

“स्पर्धा कोणाशी आहे ते कळायला नको?” असं म्हणत वासुदेवरावांनी फळ्यावर पाच संघांच्या पाच ओळी आखल्या आणि त्यातल्या साठ होतकरू पोरांची नावं आमच्यावर लिहिली. पिचर निळे, फटके मारणारे हिरवे. चांगला खेळला की पट्टी डावीकडे, वाईट खेळला की उजवीकडे. संघाने कुणाला घरी पाठवलं की त्याची पट्टी ख्रिसमसच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात.

अमेरिकेतले सामने आपल्याकडे पहाटे संपतात. सहाला उठून हा माणूस कॉफीच्या कपाबरोबर सगळे आकडे वाचायचा. किती चेंडू टाकले, कितीजण बाद केले, कोणाचा वेग उतरला. मग उठून पट्ट्या सरकवायचा.

“हा डोमिनिकन पोरगा आज वर गेला बघ. आणि हा हिरवा, हा काही महिना काढत नाही.”

“अहो, तोही कुणाचा तरी मुलगा आहे,” सुमेधाताई डबा भरता भरता म्हणायच्या.

“गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर नीट आकडे बघून ठरवतो.”

माझ्या बाबतीतही त्यांनी कधी लबाडी केली नाही. गौरांग वाईट खेळला की मलाही उजवीकडे ढकलायचे, फक्त जरा हळू. याचा त्यांना अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या वर्षी मी एक ओळ वर गेले तेव्हा खालच्यांकडे बघून मी चांगलाच भाव खाल्ला होता.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. वासुदेवराव टेबलाशी बसायचे, फोन बरणीला टेकवून. त्यांची पाठ फळ्याकडे. ते मराठीत विचारायचे, पोरगा जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, बहुतेक ‘सगळं ठीक’ एवढंच.

“हात कसा आहे रे?”

“आलेस गूट, पापा.”

“अहो, जेवणाचं विचारा आधी.”

त्या चौकोनात गौरांगचे डोळे बापाच्या खांद्यावरून मागे जायचे. मला वाटायचं, घर बघतोय बिचारा, आठवण येत असेल.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या कोपराचा स्नायुबंध तुटला. खेळता खेळता, एका चेंडूत. ऑपरेशन झालं आणि थंडीत तो घरी आला, हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला. डॉक्टरचा कागद वाचून सुमेधाताईंनी विचारलं, “हे तर एप्रिलपासून दुखत होतं म्हणे. पाच महिने बोलला का नाहीस?”

त्याने सूपचा चमचा खाली ठेवला. मग फळ्याकडे हनुवटी करून त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, “सांगितलं असतं तर पापाने मला खाली लावलं असतं. मी बघत होतो ना. दर रविवारी.”

वासुदेवराव जेवण तसंच टाकून उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले, कोट न घालता. मला त्या क्षणी फळ्यावरून गळून पडावंसं वाटलं. पण चुंबकाला ते जमत नाही.

मार्चमध्ये संघाचा मेल आला. गौरांगला सोडून दिलं होतं. आता तो कार्ल्सरूहेला कॉलेजात शिकतो, तिथेच राहतो. कोपर पूर्ण सरळ होत नाही. क्लबातली जुनी पोरं बोलावतात, तो जात नाही.

मी वाट बघत होते डब्याची. पण वासुदेवरावांनी बाकीच्या सगळ्या पट्ट्या डब्यात भरल्या आणि मला उचलून सर्वात वरच्या ओळीत लावलं, मोठ्या संघाच्या, अगदी डावीकडे. पुन्हापुन्हा सरळ करत होते. डोळे भरले होते त्यांचे. एवढ्या रिकाम्या फळ्यावर मी एकटीच आहे आता.

वासुदेवराव, तुम्ही हे मायेने केलंत, मला कळतं. पण रविवारच्या कॉलवर तुमची पाठ माझ्याकडे असते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. तो अजूनही आधी माझ्याकडे बघतो, मग तुमच्याकडे. जिथे तो कधीच पोचणार नाही तिथे त्याचं नाव बघतो, आणि मग म्हणतो, “आलेस गूट, पापा.”

मला काढा इथून. डब्यात टाका, त्या एकोणसाठ जणांबरोबर. त्यांच्यात मला काही कमीपणा नाही. आणि एवढं हातून होत नसेल, तर येत्या रविवारी निदान खुर्ची फिरवून बसा. तुमच्या मागे खिडकी येऊ दे.