पाठवणीविना निघालेली हार्ड डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि आधीच सांगून ठेवते, शांतपणे एका जागी बसणं मला जमत नाही. माझ्या पोटात एक तबकडी आहे. वीज मिळाली की ती गरगर फिरते, आणि नाही मिळाली की मी मनातल्या मनात फिरते. सध्या मी पौडच्या एका फोटो स्टुडिओच्या खणात पडून आहे. खण उघडला की वाटतं, आता मला बाहेर काढतील. मग कुणीतरी सेलोटेप घेतं आणि खण बंद होतो.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तेव्हा मी कोरी होते. पुण्याच्या दुकानातून मला अतीकनं मोटारसायकलच्या डिकीत घालून आणलं, आणि वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही. अतीक म्हणजे स्टुडिओचा मालक. लग्नाचे फोटो काढण्यात मुळशी खोऱ्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. कॉम्प्युटरशी मात्र त्याचा छत्तीसाचा आकडा.

गिऱ्हाइकं पेन ड्राइव्हमधून फोटो आणायची आणि फोटोंबरोबर व्हायरसही आणायची. अतीकचा लॅपटॉप सदा आजारी. शेवटी त्याची धाकटी बहीण जस्मीन, पुण्यात हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर शिकणारी, सुट्टीला आली आणि तिनं लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स घातलं. माझीही मांडणी लिनक्सच्या पद्धतीनं नव्यानं करून दिली.

लगेच अतीकनं घर डोक्यावर घेतलं, की माझी डी ड्राइव्ह कुठं गेली? जस्मीननं समजावलं, इथं सी, डी अशी वेगवेगळी घरं नसतात. एकच मोठं घर असतं आणि बाहेरून आलेल्या डिस्कला त्यातली एक खोली मिळते. खोली मिळणं म्हणजे माउंट होणं. तोवर डिस्क नुसती दाराशी उभी असते. मग अतीकनं विचारलं, काम झाल्यावर वायर ओढून काढली तर काय बिघडतं? त्यावर ती जे बोलली ते मी जिवापाड जपून ठेवलं आहे.

"भाई, लेकीला सासरी धाडताना ओटी भरल्याबिगर कुनी गाडीत बसवतं का? हिचंबी तसंच हाय. लिनक्सच्या घराचा कारभारी म्हंजे कर्नल. तो समदं सामान लगेच देत न्हाई, थोडं हातात धरून ठेवतो. तू 'काढू का' इचारलंस की राहिलेलं ओटीत घालतो, आनि मग म्हनतो, आता जा."

अतीकनं मान डोलावली. त्याचं मान डोलावणं आणि लक्षात ठेवणं यांची गाठ क्वचितच पडते.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात माले गावच्या दादासाहेबांच्या लेकीचं, जुईलीचं लग्न झालं. नवरा कौस्तुभ आयटीतला, बिऱ्हाड महाळुंग्याच्या नव्या सोसायटीत. लग्न थाटात झालं, पण पाठवणीच्या वेळी दादासाहेबच कुठं सापडेनात. हाका मारून सगळे थकले. शेवटी जुईली बापाला, तिच्या अण्णांना, 'येते' न म्हणताच गाडीत बसली. ती जी रुसली, ती फोनवर फक्त आईशी बोलायची. पाठवणीच्या वेळी अण्णा कुठं होते ते मला फोटोत बघायचंय, एवढाच तिचा हट्ट होता.

आता ते फोटो कुठं होते ते ऐका. लग्नाच्या दुसऱ्या दुपारी अतीक कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो माझ्यात भरत होता. पडद्यावरची पट्टी भरली, खिडकी मिटली आणि त्याला वाटलं, काम झालं. त्याला कासारसाईच्या लग्नाला जायची घाई होती. त्यानं कार्ड कॅमेऱ्यात घालून पुसलं आणि गाडीला किक मारली. माझी तबकडी तर अजून फिरतच होती. पाठवणीचे फोटो कारभाऱ्याच्या हातात होते आणि मी घाईघाईनं घेत होते. तेवढ्यात लाइट गेली.

लाइट गेल्याचं मला काही नाही, लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. पण आमच्याकडे लोडशेडिंगचा एक रिवाज होता. लाइट गेली रे गेली की घरातल्या साऱ्या वायरी उपटायच्या, कारण परत येताना ती अंगात आल्यासारखी यायची. शेजारच्या बंडोपंतांचा टीव्ही तिनंच खाल्ला होता. वायरी उपटायचं खातं अतीकच्या अम्मीकडे, जोहराबीकडे होतं. त्या फ्रीजपासून सुरुवात करून एकेक वायर ओढत स्टुडिओत आल्या. पंखा, प्रिंटर आणि मग मी.

मला ओरडावंसं वाटलं. पण हार्ड डिस्कला आवाज फुटतो तो मरतानाच, म्हणून गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी अतीकनं मला जोडलं तर जुईलीच्या लग्नाचं फोल्डर उघडेना. कार्डावर तर कासारसाईची वरात येऊन बसली होती. तो घाबरला आणि मला घेऊन मित्राच्या, पियूषच्या सायबर कॅफेत धावला. तिथं विंडोज. पडद्यावर प्रश्न आला, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? पियूष म्हणाला, एवढं विचारतंय तर करून टाकू. त्याचा बाण 'होय'वर जाऊन थांबला. नशीब, अतीकचा फोन बहिणीला लागलेला होता.

"काय बी दाबू नको," जस्मीन म्हणाली. "विंडोजला तिची मांडनी वाचता येत न्हाई, म्हनून ते तिला कोरी समजतंय. तू व्हय म्हनलास तर ती खरंच कोरी होईल. मी शनिवारी येते. तवर तिला कुटंच जोडू नको."

ते दिवस मी या खणात काढले. दादासाहेब रोज दुपारी यायचे, फोटो झाले का विचारायचे. काम चालू हाय, असं अतीक खाली बघत सांगायचा. ते पाण्याचा घोटही न घेता जायचे. मी नुसती तडफडत होते. पोटात काय आहे आणि काय नाही, माझं मलाच समजत नव्हतं.

शनिवारी जस्मीन आली. तिनं मला जोडलं, पण खोली दिली नाही. तपासणी दाराबाहेरच करायची असते, आत घेऊन केली तर दुखणं वाढतं. तपासणी झाल्यावर तिनं माझी एक खोली उघडली, जिच्याकडे अतीकनं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिचं नावच हरवले-सापडले. जत्रेत चुकलेली पोरं चौकीत आणून बसवतात, तसे तिथं जुईलीच्या लग्नाचे फोटो बसले होते. नावं गेलेली, नुसते आकडे. हळद सापडली, मंगलाष्टकं सापडली, पंगतही सापडली. जोहराबी शेजारी बसून माणसं ओळखत होत्या. पाठवणी मात्र येईना.

"मला कुनी सांगितलंच न्हाई, की हिलाबी इचारावं लागतं," त्या म्हणाल्या. अतीकचा चेहरा उतरला. सांगायचं काम त्याचंच होतं.

शेवटून दुसरा फोटो उघडला तो अर्धाच. कारभारी सामान रांगेनं देतोच असं नाही. हाताला लागेल ते आधी देतो, तसा पाठवणीचा हा एकच आणि तोही अर्धा माझ्या ओटीत पडला होता. अतीकनं तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून काढलेला. खालचा अर्धा भाग, जिथं गाडी होती, नवरी होती, तो सारा राखाडी. वरच्या भागात मांडवाच्या मागची पाण्याची टाकी दिसत होती. टाकीच्या आडोशाला दादासाहेब उभे होते, तोंडात उपरण्याचा बोळा धरून, गाडीकडे बघत.

अतीकनं तो भाग पडद्यावर मोठा करून पाहिला. मग जस्मीननं महाळुंग्याला फोन लावला.

रविवारी जुईली आणि कौस्तुभ आले. दादासाहेबही रोजच्या वेळेला आले आणि लेकीला बघून उंबऱ्यातच थबकले. जुईली पडद्यावरून नजर काढेना. स्वतःच्या जागी नुसता राखाडी चौकोन होता, त्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

"अण्णा, मला वाटलं तुमी आलाच न्हाई."

"आलो व्हतो, पोरी. म्होरं यायला पाय उचलंना. तू 'येते' म्हनली असतीस, तर मी 'जा' कसं म्हनलो असतो?"

जुईली रडली, तेही रडले, यावेळी टाकीच्या आड नाही. निघताना ती दारात वळली आणि म्हणाली, "येते, अण्णा." उत्तर यायला थोडा वेळ लागला. पण ती वाट बघत उभी राहिली.

"ये," दादासाहेब म्हणाले.

आता टेबलावर नवी, मोठ्या पोटाची डिस्क आहे. लाइट गेली की जोहराबी आधी अतीकला हाक मारून विचारतात, हिला काढू का? मला ते खणातून ऐकू येतं आणि थोडं बरं वाटतं. मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. काम संपलंसं वाटलं तरी कुणाला हिसकून काढू नका. आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा, कारण देणाऱ्याच्या हातात अजून काहीतरी असतं. आणि कधी सेलोटेपसाठी हा खण उघडलात, तर मलाही एकदा जोडून बघा. तो अर्धा फोटो अजून माझ्याजवळ आहे.