उपरण्याखालचा हात

नवनीतभाईंनी खांद्यावरचं उपरणं काढून डाव्या मनगटावर पसरलं, आणि उजवा हात त्याखाली घालायच्या आधीच ते पुन्हा ओढून घेतलं. समोर हात पुढे करून उभ्या असलेल्या इंद्रसिंगांना हसू फुटलं.

"नवी नवरी पदर सावरस तसं काय करी ऱ्हायना?"

"मन्हा हातवर भरोसा नको ठेवू, इंद्रसिंग. मांगला साल काय व्हयनं, ध्यानमा शे ना?"

"मांगला साल घोडी गयी. दोस्त नही गया." इंद्रसिंगांनी अबलख घोड्याची दोरी खुंट्याला गुंडाळली. "हाऊ घोडा मी आणेल शे, पन सौदा तूच करशी. गिऱ्हाईक च्या पेवाले गयं. तोपावत बोटे मोकळा करी ले."

एवढं बोलून ते गिऱ्हाइकाच्या मागे निघून गेले. माणूस असा की नाही म्हणायला जागाच ठेवायचा नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची किंमत तोंडाने सांगायची नसते. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात, बोटं धरून आकडा कळवतात, बोटं धरूनच घासाघीस करतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोन हातांपलीकडे जात नाही. आणि हात उपरण्याखाली असेपर्यंत तिसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, मग तो घोड्याचा मालक का असेना. नवनीतभाई तसे केळीचे बागायतदार, पण दत्ताची यात्रा भरली की बाग गड्यांच्या हवाली करून ते इथे येऊन बसत. त्यांची बोटं म्हणजे तापीकाठचा खरा तराजू, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून नवनीतभाई नम्रपणे मान हलवायचे, पण ऐकायला जागेवरून हलायचे नाहीत.

मागल्या यात्रेत याच बोटांनी दगा दिला. गिऱ्हाइकाने चार बोटं धरली होती, यांना तीनच कळली. तीनवर हात झटकला, सौदा पक्का झाला, आणि इंद्रसिंगांची लाडकी पांढरी घोडी पडत्या किमतीला गेली. उपरण्याखाली ठरलेलं मोडत नाहीत, म्हणून इंद्रसिंग एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नवनीतभाईंनी घरी जाऊन उपरणं पेटीत टाकलं आणि वर्षभर ती पेटी उघडली नाही.

बोटांचं हे दुखणं जुनं. आधी पायांना मुंग्या, मग तळव्यांची आग, मग काहीच नाही. एकदा शहाद्याच्या बाजारात त्यांच्या पायातली चप्पल निघून गेली आणि अनवाणी पाय तसाच चालत राहिला; घरी आल्यावर रक्त बघून बायकोला, जसोदाबाईंना, कळलं. कोणी साखर म्हणालं, कोणी वायू. नवनीतभाईंच्या वडिलांचंही असंच झालं होतं, तेव्हा ते नशिबावर ढकललं गेलं. ते दुखणं नशिबाच्या तावडीतून सोडवलं मोहिनीने. ही त्यांची एकुलती लेक, हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी. बापाच्या चालीकडे बघून तिच्या मनात पाल चुकचुकली, तिने रक्त तपासायला लावलं, आणि कळलं की एका जनुकात एका अक्षराची चूक आहे. त्या चुकीमुळे लिव्हर एक बिघडलेलं प्रथिन बनवतं, आणि ते रक्तातून जाऊन नसांवर साचत राहतं.

"मंग ते जनुकच काढी टाका," जसोदाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. त्यांचा स्वभाव असा, मुळासकट.

"माय, केळीना बुडले फुटस ते पील आपन उपटतस का?" मोहिनीने विचारलं होतं. "कंदले हात नही लावतस. पील वर उनं का कापतस. परत येस, परत कापतस. हाई औषध तसंच शे. जनुक लिव्हरले निरोप धाडस, हाई प्रथिन बनाव म्हणीसन. आम्ही बनाडेल आरएनएना बारीकसा तुकडा तो निरोपच वाटमा कापी टाकस. निरोप पोचना नही, मंग लिव्हर काय बनाडी? जनुक जागावरच शे, पन गप."

"आनि परत बोलनं तं?"

"परत सुई."

"कायम?"

"कायम. पीलबी कायमच कापतस ना?"

जसोदाबाईंना पटलं. लेकीने कंदाची गोष्ट कंदवाल्यांनाच सांगावी आणि तीही सरळ, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. पुढे आठवडाभर शेजारणींना त्या हेच ऐकवत होत्या. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात या औषधाची चाचणी चालू होती. मागल्या यात्रेनंतर नवनीतभाई तिच्यात दाखल झाले. दर तीन महिन्यांनी मांडीत एक सुई. मात्र चाचणीचा नियम असा की कुपीत औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी, हे पेशंटलाही ठाऊक नसतं आणि टोचणाऱ्यालाही. दलालीत हात मुरलेल्या माणसाला हा नियम ऐकून बरं वाटलं होतं. "म्हंजे उपरणाखालनाच सौदा शे," ते म्हणाले होते. दुखणं लेकरांत उतरण्याची शक्यता निम्मी, असंही डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं. नवनीतभाईंनी लेकीकडे पाहिलं, तर ती "ते देखू मंग" म्हणून इतकं सहज हसली की दोघा नवराबायकोंनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावून घेतला.

आता जसोदाबाई चहा घेऊन आल्या. स्टीलचा पेला पदरात धरून त्यांनी नवऱ्यापुढे ठेवला, दुसरा लेकीला दिला. मोहिनीने तो उघड्या हाताने घेतला आणि तसाच धरून घोड्यांकडे बघत राहिली.

"हात नही भाजना का तुन्हा?"

"लॅबमा सवय व्हई गयी, माय."

"तुन्ही लॅब!" जसोदाबाई म्हणाल्या. "तुन्हा आप्पानं औषध तं सापडनं. मंग दिवाळीलेबी तठे काय बठी ऱ्हास?"

"आप्पानं लिव्हरवर भागी गयं, माय. ज्यासनं दुखणं मेंदूमा शे त्यासनं काय? लिव्हरपावत तो तुकडा सहज जास. मेंदूले भिताडच शे, कोणलेच आतमा येऊ देत नही. आम्ही दार धुंडी ऱ्हायनूत."

"सापडी?"

"उंदरासमा थोडंसं सापडनं. मानसासमा अजून टाइम शे."

जसोदाबाईंनी दत्ताच्या देवळाच्या दिशेने हात जोडले, ते उंदरांसाठी की माणसांसाठी हे त्यांनाच माहीत, आणि प्रसादाच्या रांगेकडे निघाल्या. नवनीतभाई लेकीकडे बघत राहिले. दुसऱ्यांच्या मेंदूसाठी भिंती चाचपत बसणारी ही पोर आपल्या घरात कुठून आली, हा प्रश्न त्यांना नेहमी पडायचा. उत्तर सापडत नसे, पण छाती मात्र प्रत्येक वेळी भरून यायची.

"आप्पा," मोहिनी पेला खाली ठेवत म्हणाली, "मन्हावर करी देखा. गिऱ्हाईक येवाना आधी."

"लोके देखतीन."

"देखू द्या. लहानपने आपन हाच खेळ खेळूत ना?"

खेळायचे खरं. जेवण झालं की ओसरीवर उपरणं टाकून बापलेक आकडे धरत बसायचे, आणि पोर कधी चुकायची नाही. मुलगा असती तर यात्रा गाजवली असती, असं नवनीतभाई तेव्हा म्हणायचे. जसोदाबाई लगेच फणकारायच्या, की मुलगी आहे तरी गाजवेल, यात्रा तेवढी दुसरी असेल.

त्यांनी उपरणं टाकलं. मोहिनीचा हात आत आला. घोड्यांच्या रांगेत कोणीतरी ढोलकीवर घोडा नाचवत होतं, त्यांनी तिकडे तोंड फिरवलं आणि सगळं लक्ष आपल्या बोटांत आणून ठेवलं. मागल्या वर्षी तिथे नुसता कापूस भरल्यासारखं होतं. आज मात्र काहीतरी होतं, ओल्या मातीतून चालल्यासारखं जड, पण होतं.

"दोन," ते म्हणाले.

"बराबर."

"तीन. ... आते एकच. करंगळी नही, तिन्हा शेजारनं."

"बराबर, आप्पा!"

"थांब. आते तू नख लाव. हां! लागनं! पोरी, माले नख लागनं!"

इतक्या जोरात ओरडले की शेजारचा घोडा कान टवकारून बघायला लागला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, दोन्ही एकदम. मोहिनीचेही डोळे भरले.

"कुपीमा पानी नव्हतं," ते म्हणाले.

"मी कसं सांगू? नियम शे."

"तू नको सांगू. मन्हं बोट सांगी ऱ्हायनं." त्यांनी उपरणं पुन्हा सारखं केलं. पंचवीस वर्षांपूर्वीची ओसरी त्यांच्या अंगात आली होती. "आते मन्ही पाळी. मी धरस, तू सांग."

"आते कसाले? गिऱ्हाईक येई."

"येऊ दे. सांग."

त्यांनी तिची दोन बोटं धरली.

"दोन," मोहिनी म्हणाली.

चार धरली.

"चार."

बरोबर होतं, तरी नवनीतभाईंना कुठेतरी खटकलं. लहानपणी ही पोर आकडा ओळखताना डोळे मिटून घ्यायची. आज तिचे डोळे उघडे होते, आणि बापाच्या कोपरापासून खांद्यापर्यंत फिरत होते. उपरण्याच्या बाहेर शिरा किती ताणतात, खांदा केवढा हलतो, ते बघत होते. ही नजर त्यांना ओळखीची होती. बोटं गेली हे जगापासून लपवायचं होतं, त्या सगळ्या यात्रांमध्ये त्यांनी स्वतः असंच बघून आकडे काढले होते. मागल्या वर्षीचं गिऱ्हाईक जाड कोट घालून आलं, म्हणून तर ते उघडे पडले.

त्यांनी उपरण्याखाली आपली बोटं तिच्या हातावरून उचलून घेतली. पूर्ण. मधे नुसती हवा राहिली. मग खांदा जरासा हलवला आणि दंड ताणला, तीन बोटं दाबल्यासारखा.

"तीन," मोहिनी म्हणाली.

ढोलकी वाजत होती. नवनीतभाईंचा चेहरा बघून मोहिनीला कळलं, आणि तिने खाली पाहिलं. हात मात्र तिने बाहेर काढला नाही.

"कव्हापासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमनी सुई सुरू व्हयनी, तव्हाच मुंग्या येवाले लागन्यात."

"तपासं?"

"हाओ. तेच शे."

"माले सांगं नही."

"तुम्ही कोठे सांगेल व्हतं, आप्पा? चप्पल पडापावत?"

दुखणं आपणच दिलं, हा विचार नवनीतभाईंच्या मनात आधी आला. त्याच्या मागोमाग दुसरा आला आणि तो पहिल्याहून मोठा होता. ही पोर सगळं ठाऊक असताना बापाच्या कुपीची वाट बघत होती, आणि मधल्या काळात जाऊन बसत होती कुठे, तर दुसऱ्यांच्या मेंदूच्या भिंतीशी. एवढी जिगर असलेला दलाल त्यांनी साऱ्या यात्रेत पाहिला नव्हता.

"सुई लीधी का तू?"

"पुढला महिनामा. चाचणीना नवा गट शे, ज्यासनं आताच सुरू व्हयनं त्यासना. लवकर लीधं तं जास्ती वाचस." तिने मान वर केली. "मी घाबरी ऱ्हायंती, आप्पा. आज तुमनं बोट देखं. आते नही."

नवनीतभाईंनी मान हलवली. मग त्यांनी तिचा अख्खा पंजा आपल्या हातात घेतला आणि घट्ट धरला. तिच्या बोटांचं गार झालेलं टोक, पेरांवरचे जुने घट्टे, सगळं त्यांना लागत होतं. इतकं स्पष्ट लागत होतं की सहन होईना.

"डोया मीट," ते म्हणाले. "मन्हा खांदा नको देखू."

मोहिनीने डोळे मिटले.

तेवढ्यात इंद्रसिंग गिऱ्हाइकाला घेऊन आले. मागून प्रसादाचा द्रोण सांभाळत जसोदाबाईही आल्या, आणि बापलेकींना बघून काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं. इंद्रसिंगांनी हात आडवा केला, गिऱ्हाइकालाही आणि वहिनींनाही.

"थांबा," ते म्हणाले. "उपरणाखाल हात शेतस."

सगळे थांबले. नवनीतभाईंनी पकड आणखी आवळली.

"सांग पोरी. कितला?"

मोहिनीची बोटं त्यांच्या हातात हळूच चाळवली.

"अख्खा पंजा," ती म्हणाली.