एकुलता एक खेळ

मलकपेठच्या त्रिवेणीबाई रविवारी सकाळी नवा मराठी सिनेमा बघून आल्या. हैदराबादेत त्याचा तेवढा एकच खेळ लागला होता आणि अख्ख्या थेटरात त्या एकट्याच होत्या. सिनेमा इतका भिकार, की त्यांना किळस आली, पण आपल्या भाषेतला म्हणून शेवटपर्यंत बसल्या.

संध्याकाळी चिक्कडपल्लीला मराठी मंडळी चहाला जमली, तर जो तो त्याच सिनेमाची शिफारस करत होता.

"चुकवूच नका," प्रमोदराव म्हणाले. "मी आज सकाळीच बघितला. इतकी गर्दी, की बसायला जागा नव्हती."

त्रिवेणीबाईंनी हातातलं उस्मानिया बिस्किट बशीत ठेवलं. एवढी किळस त्यांना त्या सिनेमाचीही आली नव्हती.

"मग बसलात कुठे," त्यांनी विचारलं, "माझ्या मांडीवर?"