लिंबू चढणारं घर

छप्पर

घर खालून वर बांधतात. ही गोष्ट वरून खाली सांगतो, कारण त्या घराच्या जोत्याकडे चार महिने कोणी पाहिलंच नाही. सगळ्यांच्या माना वर होत्या.

वर भगवा झेंडा. झेंड्याखाली छप्पर, पूर्वेला कललेलं, जेवण झाल्यावर लोडाला रेललेल्या पाहुण्यासारखं. आणि छपराखालून निघालेली रांग भाताच्या बांधाबांधाने थेट कर्जतच्या रस्त्यापर्यंत. भिसेगावची माणसं चालत आलेली, खोपोली-शिळफाट्याची टेंपोने.

"आत हाय काय?" रांगेतल्या शेवटच्याने विचारलं.

"लिंबू चढतं."

"कशावर?"

"चढावर. खालून वर."

"आपोआप?"

"नाय तर काय शिडीनं?"

महाराजांचं नाव वक्रनाथ. चैत्रापर्यंत ते हरेश होते, या फार्महाऊसचे राखणदार. घर पहिल्याच पावसाळ्यात कललं, मुंबईचा मालक एकदा येऊन डोक्याला हात लावून गेला, तो पुन्हा आला नाही. एका दुपारी हरेशच्या पिशवीतून लिंबू पडलं आणि घरंगळत गेलं. दुसरा कोणी असता तर त्याने उठून लिंबू आणलं असतं. हरेश बसून राहिला आणि विचार करू लागला. विचार करणं वाईट नाही. कशाचा करतो यावर आहे.

भिंती

आत जायला तट्ट्यांची एक अंधारी बोळ, तीन वळणांची. खिडक्यांना जाड भगवे पडदे. समईचा उजेड. आत पाऊल टाकलं की चक्कर यायची आणि समोरचा माणूस तिरका दिसायचा. सरपंच येसाजीही तिरके दिसले.

"तुमी पश्चिमेला झुकताय," महाराज म्हणाले. "पितरांचं हाय."

"पन सगळेच झुकतायत, महाराज."

"सगळ्यांनाच पितर असतात."

येसाजींनी एकवीस गुरुवार कबूल केले.

मग प्रवचन. "सरळ काय हाय जगात? नदी सरळ हाय? विळा सरळ हाय? गणपतीची सोंड सरळ हाय? देवानं घडवलं ते वाकडं. सरळ फकस्त सरकारी मोजपट्टी, आन तिनं कुनाचं भलं केलं?"

मोजणीखात्याचा अनुभव रांगेत प्रत्येकाला होता. माना हलल्या.

मग फळी. सहा फुटांची, पूर्वेकडचं टोक उचललेलं. महाराज पश्चिमेच्या, खालच्या टोकाला लिंबू ठेवायचे आणि हात झटकायचे. लिंबू जरा थबकायचं आणि चढू लागायचं.

हे दृश्य सुंदर होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मीही तीनदा पाहिलं.

माळा (हा दुसऱ्या घरातला)

गावातल्या जयाच्या घरच्या माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, एक पट्टा पडून होता. प्लास्टिकचा, छातीपासून कमरेपर्यंतचा. तो जयाच्या मुलीचा, हर्षलाचा.

हर्षला तेरा वर्षांची. तिच्या पाठीचा कणा वळत चालला होता, धड उजवीकडे झुकत होतं. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टा दिला आणि सांगितलं, दिवसाचे वीस तास, वाढ थांबेपर्यंत. नाही घातला तर पुढे पाठ उघडून सळ्या घालाव्या लागतील.

जयाने तिला महाराजांकडे नेलं. महाराजांनी उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. त्या खोलीत सरपंच तिरके, तलाठी तिरके, आणि हर्षला भिंतीशी समांतर, सरळसोट. जया रडली. बायकांनी हर्षलाच्याच पाया पडायला सुरुवात केली.

"मानसानं बांधलेला पट्टा सोडा," महाराज म्हणाले. "देवाचा बांधलाय मी."

पट्टा माळ्यावर गेला, त्याला पाच आठवडे झाले. हर्षलाला विचाराल तर तिला बरंच वाटलं. पट्ट्यात घाम फार यायचा.

उंबरा (हाही दुसऱ्या घरातला)

जयाचा बाप नागू गवंडी. वाकडं घर त्यानेच बांधलेलं. घर कललं तेव्हा तो लाजेने गावातून जायचा बंद झाला, ओढ्याकडून फिरून यायचा. मग चमत्कार झाला आणि त्याच गावाने त्याला शाल-नारळ दिला. "देवानं नागूच्या हातून वाकडं बांधून घेतलं." नागूला सगळं ठाऊक होतं. पण अंगावर शाल आली की जीभ जड होते.

श्रावणातल्या एका बुधवारी हर्षला आजोबांकडे आली, उंबऱ्यात पाठमोरी थांबून चपला काढू लागली. तो उंबरा, ती चौकट नागूने हाताने सांधलेली, केसभर फरक नसलेली. त्या चौकटीत नात उभी राहिली आणि गवंड्याच्या डोळ्याला जे दिसायचं ते दिसलं.

"थांब गं जरा. हलू नको."

त्याने ओळंबा काढला. दोरी मानेच्या उंचवट्यावर धरली, लोखंड खाली सोडलं. पनवेलला डॉक्टरीणबाईंनीही असाच दोरा लावला होता. आपलं हत्यार दवाखान्यात पाहून नागूने तेव्हा दहा जणांना सांगितलं होतं. तेव्हा दोरा कण्याच्या शेवटापासून दोन बोटं लांब होता.

आता अडीच.

नागूने परत लावला. अडीचच.

"किती आलं, आजोबा?"

"उद्या गुरुवार हाय ना?" नागू म्हणाला. "मी येतो तुझ्यासंगं."

फरशी

फरशीवर सतरंजी होती. ती कोणी उचलून पाहिली नाही.

खिडकी

गुरुवारी नागूने भर गर्दीत भिंतीपाशी ओळंबा धरला. दोरी भिंतीपासून तिरकी लोंबू लागली.

"हे बघा," नागू म्हणाला. "भिंत वाकडी हाय."

महाराज डगमगले नाहीत. "हे बघा," तेही म्हणाले. "लोखंडसुदिक देवापुढं झुकलं."

पन्नास हात जोडले गेले. नागू ओळंबा धरून तसाच उभा. चाळीस वर्षांत त्या हत्याराने त्याला असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

कोपऱ्यात उत्तरेकडे तोंड करून उभी असलेली हर्षला म्हणाली, "आजोबा, मी फिरून उभी राहू?"

"दक्षिनेकडं?" महाराज झटकन म्हणाले. "यमाची दिशा हाय ती, पोरी."

"आमच्या वर्गात फळा दक्षिणेलाच हाय. यम कधी आला नाय. गणिताचे सर येतात."

ती फिरली. आतापर्यंत तिचं धड भिंतीच्या बाजूला झुकत होतं म्हणून सरळ दिसायचं. आता भिंत एकीकडे आणि पोर दुसरीकडे. ती दुप्पट वाकडी दिसली. नागूने पाठीला दोरा लावला: अडीच बोटं. पुन्हा उत्तरेकडे वळवून लावला: अडीच बोटं.

"पोर हाय तशीच हाय," नागू म्हणाला. "फिरलं ते आपलं बघनं."

आणि त्याने उत्तरेचा पडदा ओढून काढला.

बाहेर सोनुबाईचं खाचर. लावणी होऊन महिना झालेला, रोपांमध्ये पाणी तुंबलेलं. पाण्याची रेघ आडवी. आणि त्या रेघेवर खिडकीची चौकट अशी तिरपी, की पाहणाऱ्याचीच मान वळावी.

या गावातली माणसं चिखलणीला पाण्यावरून जमीन सपाट करतात. बोटभर उंचवटा बांधावरून ओळखतात. तीच माणसं चार महिने फसली, कारण आत पाणी नव्हतं आणि बाहेरचं दिसू दिलं नव्हतं.

"घर वाकडं हाय," रांगेतलं कोणीतरी हळूच म्हणालं.

"शेत वाकडं झालंय," महाराज म्हणाले. "कृपा बाहेर पसरलीय."

सोनुबाई सत्तरीची, पुढे आली. "हरेश, माजं शेत वाकडं असतं तर पानी शेजारच्या साईनाथच्या खाचरात गेलं असतं. आन पानी गेलं असतं तर मी साईनाथला झोपू दिलं असतं का?"

सगळ्यांनी साईनाथकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाय."

वक्रनाथ महाराज पडदा परत लावायला उठले, पण तो नागूच्या हातात होता.

जोतं

नागूने सतरंजी उचलली, फळीखालची वीट काढून दाखवली. सहा फुटांत फरशी पूर्वेला सहा इंच उतरलेली. फळीचं पूर्वेचं टोक विटेने तीन इंच उचललेलं. तरी तीन इंच उतार उरलाच. लिंबू कधी चढलं नव्हतं. ते मुकाट उतरत होतं. भिंती, छत, चौकटी सगळं मिळून एकाच बाजूला कललं की डोळा भिंतीलाच सरळ मानतो. म्हणून पडदे, म्हणून वळणांची बोळ.

"पन घर कललं कसं?" येसाजींनी विचारलं. त्यांचे आठ गुरुवार झाले होते.

इथे नागू गप्प राहिला असता तरी चाललं असतं. हरेश उघडा पडला होता, शाल घरी सुरक्षित होती.

"माज्यामुळं," नागू म्हणाला. "भाताच्या जमिनीवर भराव टाकला का एक पावसाळा बसू द्यायचा, मग जोतं घालायचं. माज्या बापानं शिकवलं व्हतं. मालकाला दिवाळीला वास्तुशांत पायजे व्हती. मी बोललो नाय. भिंत ओळंब्यात बांधली, खालची माती बसली. सळई भरपूर, म्हनून घर फुटलं नाय, कललं. देवानं काय बांधून घेतलं नाय. मी घाई केली. आन तुमी शाल दिली तवाबी बोललो नाय."

जया उठली, हर्षलाचा हात धरला आणि घराकडे चालू लागली. तासाभराने पट्टा माळ्यावरून खाली आला, धुऊन उन्हात टाकला. सोमवारी तिघं पनवेलला गेली. डॉक्टरीणबाई खूप रागावल्या, मग म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही.

घर तिथेच आहे. रविवारी पोरं लिंबं घेऊन येतात, हरेश पडदा लावून गंमत दाखवतो आणि पडदा काढून कारणही सांगतो. कारण सांगताना तो जास्त रंगतो. वाकडं घर पाहायला मजा येते, जरूर जा. डोळे फसले तर लाजू नका, सगळ्यांचेच फसतात. फक्त फसलेल्या डोळ्यांच्या भरवशावर औषध सोडू नका. बाहेर या, मोजून पाहा, उलट्या बाजूने उभं राहून पाहा. आणि कोणी उलटं फिरू देत नसेल, तर आधी फिरा.

दारावर नागूने स्वतः रंगवलेली पाटी आहे. अक्षरं ओळंब्यात आहेत:

"हे घर नागू गवंडी यांनी चुकीने वाकडे बांधले आहे. आत चक्कर येईल, ती उताराची आहे. पाठ दुखत असेल तर डॉक्टरकडे जावे."