तिसरं रीडिंग

मुंगीच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला, नखाच्या कडेपासून साधारण चार मिलिमीटरवर, कातडी गुळगुळीत झाली होती. गोल नव्हे, किंचित लांबट, तांदळाच्या दाण्याएवढी जागा. उजेडाकडे धरली की चकाकायची. डाव्या अंगठ्यावर तसं काही नव्हतं.

आईला ते सकाळी लेक डब्याचं झाकण लावत असताना दिसलं. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. घरातल्या जुन्या फोनची चार्जरची पिन सैल झाली होती. ती डाव्या हाताने दाबून धरली तरच फोन जिवंत राहायचा. त्यामुळे लिहिण्याचं सगळं काम एकट्या उजव्या अंगठ्याकडे आलं होतं. गेले सात-आठ महिने मुंगी त्या फोनवर, त्या अंगठ्याने, प्रोग्रॅम लिहीत होती. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी किती वाजता संपेल हे सांगणारा. रोज दोनदा गच्चीवर जाऊन ती टाकीत काठी बुडवायची, आकडा फोनमध्ये भरायची. शेजारच्या काकू आता धुणं भिजवण्याआधी तिला विचारत.

"दुखतं का गं?"

"काय?"

"अंगठा."

"नाही." मुंगीने अंगठा मुठीत घेतला. "आई, यावर सही हवी आहे. आज शेवटचा दिवस होता, पण बाईंनी उद्या सकाळपर्यंत चालेल म्हटलंय."

पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म होता. शेवटच्या रकान्यात दोनांपैकी एक विषय निवडायचा होता, आणि मुंगीने भूगोलापुढे खूण केली होती. आईने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. वजनकाट्याची हजारावी रेघ वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना कागदावरची खोडलेली पेन्सिल लपत नाही. संगणकशास्त्राच्या चौकटीत आधी एक खूण होती. दाबून केलेली, मग खोडलेली, मग पुन्हा केलेली, पुन्हा खोडलेली. त्याखाली बारीक अक्षरांत छापलं होतं : घरी संगणक असणे आवश्यक.

"भूगोल?"

"चांगला असतो भूगोल," मुंगी बुटाचे बंद बांधत म्हणाली. "त्याला नकाशावही पुरते."

चिडून म्हणाली असती तर आईला बरं वाटलं असतं.

"सही संध्याकाळी करते," आई म्हणाली आणि फॉर्म पर्समध्ये ठेवला.

"संध्याकाळी म्हणजे संध्याकाळी हं," आतून बाबांचा आवाज आला. ते डिलिव्हरीची गाडी चालवत. घरात त्यांचा आवाज जास्त असायचा, ते कमी. "नाहीतर तुझं पुन्हा पहिल्यापासून!"

'पुन्हा पहिल्यापासून' हा घरातला जुना विनोद होता, आणि तो आईच्या कामावरून आला होता. वजनकाटे तपासून द्यायच्या एका वर्कशॉपमध्ये ती एकोणीस वर्षं होती. दुकानांचे, दवाखान्यांचे, सोनारांचे काटे तिथे यायचे. तपासायची पद्धत ठरलेली. काटा सपाट बसलाय हे दाखवणारा बुडबुडा मधोमध आणायचा. हातमोजे घालून चिमट्याने प्रमाणित वजन ठेवायचं, आकडा लिहायचा. असं तीनदा. तिन्ही रीडिंगं जुळली तर शिक्का. तिसरं जुळलं नाही तर आधीची दोन्ही काट मारून बाजूला, वीस मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. घाई केली की कुठल्या तरी दुकानात कुणाच्या तरी पिशवीत दहा ग्रॅम कमी पडतात, हे तिला माहीत होतं. तिने शिक्का मारलेला एकही काटा आजवर परत आला नव्हता.

मुंगीसाठी लॅपटॉप घ्यायचा विषय निघाला तेव्हा तिने तीच पद्धत लावली. पैसे थोडे होते, खरेदी एकदाच होणार होती, चुकली तर दुसरी नाही. म्हणून तिने तिघांना विचारायचं ठरवलं. तिघांचं एकमत झालं की घ्यायचा.

झालंच नाही. तिचा मोठा भाऊ म्हणाला, नवाच घे, गॅरंटी असते. कामावरची मैत्रीण म्हणाली, थांब, किमती उतरतील. दुरुस्तीच्या दुकानातली बाई म्हणाली, जुनाच घ्या, ऑफिसमधून निघालेला, दणकट. आईने तिन्ही मतं वहीत लिहिली, काट मारली आणि पंधरा दिवस थांबून पुन्हा विचारलं. तोवर भाऊ नव्या मॉडेलवर गेला होता, मैत्रिणीच्या पुतण्याचा जुना लॅपटॉप बंद पडला होता, आणि दुकानातला पहिला जुना विकला जाऊन दुसरा आला होता. पुन्हा पहिल्यापासून. अशी वहीची अकरा पानं भरली. पाच महिने गेले. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "तू म्हणशील ते," आणि झोपी जायचे. हे मत नव्हतं, म्हणून वहीत ते कधी लिहिलंच गेलं नाही.

मुंगीने सुरुवातीला रोज विचारलं होतं. मग रविवारी विचारायला लागली. मग विचारायची थांबली. घरात जरा शांतता झाली म्हणून आईला तेव्हा हायसं वाटलं होतं.

त्या दिवशी कामावर एका किराणा दुकानाचा काटा तिच्यापुढे आला. पहिलं रीडिंग, दुसरं रीडिंग, तिसऱ्याला दोन ग्रॅमचा फरक. तिने काट मारली, थांबली, पुन्हा केलं. पुन्हा फरक. चौथ्या खेपेला समोरच्या टेबलावरची मैत्रीण मान वर न करता म्हणाली, "काट्याला काय झालेलं नाही. तू टेबलावर कोपर टेकवून बसलीयेस."

आईने पाहिलं. खरंच टेकवलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. खांद्यापासून खाली सगळा हातच जड झाला होता.

"बरी आहेस ना?"

"दमलेय."

"कशाने?"

तिला सांगता येईना. पर्समधून फॉर्म काढून तिने मैत्रिणीपुढे धरला. मैत्रिणीने चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला.

"मग? भूगोलच घेऊ दे की. किमती तर अजून..."

"खोडलंय बघ. दोनदा."

मैत्रिणीने कागद तिरका करून उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "मुंगीला कधी नेलंस का गं दुकानात?"

"नाही. नक्की ठरल्याशिवाय कशाला आशा लावायची?"

"म्हणजे पाच महिने सगळ्या गावाला विचारलंस. भावाला, मला, त्या दुकानदारणीला. आणि जिला वापरायचाय तिला सोडून." फॉर्म परत देताना तिचा आवाज खाली आला. "माझं मत काय घेऊन बसलीस बाई. मला साधा टीव्हीचा रिमोट कळत नाही. तू विचारलंस, मी ठोकून दिलं."

आईने फॉर्मची घडी घातली. तीन रीडिंगं जुळायची तर ती एकाच वजनाची हवीत, एवढं तिला शिकाऊ असल्यापासून ठाऊक होतं. भावाने वीस वर्षांपूर्वी सेकंडहॅंड स्कूटर घेऊन हात पोळून घेतले होते, तेव्हापासून तो सुईसुद्धा नवीच घ्यायचा. मैत्रीण प्रत्येक वस्तूच्या किमती उतरायची वाट पाहत जगायची. दुकानातली बाई फक्त दणकटपणा बघायची. हे तिघे तीन वेगळ्याच गोष्टी तोलत होते, आणि आपण त्यांचे आकडे एकाखाली एक मांडत बसलो. मुंगीला मात्र काट्यावर कधी ठेवलंच नाही.

कोपर उचलून तिने वजन ठेवलं. तिन्ही रीडिंगं जुळली. तिने शिक्का मारला.

संध्याकाळी ती शाळेच्या फाटकाशीच उभी राहिली. मुंगी तिला पाहून दचकली.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. चल, एका ठिकाणी जायचंय."

दुकान एका जिन्याखाली होतं. आत जेमतेम तिघींपुरती जागा, भिंतीवर तारांची भेंडोळी, टेबलावर उघडून ठेवलेला एक लॅपटॉप आणि त्याचे स्क्रू मांडलेली एक बशी. दुकानदारीणबाई पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. त्यांनी आईला पाहिलं आणि हातातला पेचकस खाली ठेवला.

"या! आठवी खेप. मी म्हटलं आता ताई दुकानात वाटणीच मागतात की काय." मग त्यांना मुंगी दिसली. "आणि ही कोण?"

"हिच्यासाठीच."

"अगंबाई. म्हणजे खरंच कुणीतरी आहे! मला वाटलं होतं, ताईंचा हा नुसता छंद आहे."

मुंगीने आईकडे पाहिलं. "आठवी?"

आईला कानांच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या. "दोन्ही दाखवा हिला," ती म्हणाली. "तो बारका आणि तो जाडा."

बारका नवा होता, रुपेरी, एका हातात मावेल असा हलका. जाडा काळा होता. कुठल्याशा ऑफिसात चार वर्षं राबून आलेला, कडा घासलेल्या, कीबोर्डवरची तीन-चार अक्षरं बोटांनी पुसलेली. झाकणावर जुन्या कार्यालयाची चिठ्ठी खरवडून काढल्याची खूण होती.

"किंमत दोघांची जवळपास सारखीच," बाई मुंगीला म्हणाल्या. "याला गॅरंटी वर्षाची, पण आत मेमरी कमी आणि पुढे वाढवता यायची नाही, सगळं चिकटवून टाकलंय. याला गॅरंटी माझी, तीन महिने. मेमरी दुप्पट, हवी तेव्हा आणखी घालून देईन. बॅटरी म्हातारी आहे, दोन तासांच्या वर चालायची नाही. पाठीवर नेशील तर खांदा दुखेल. खोटं नाही सांगत. आवडला कुठला?"

"कोणताही चालेल," मुंगी म्हणाली.

"हं. कोणताही चालेल म्हणणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिलीत."

"तुझा टाकीचा प्रोग्रॅम चालवून बघ," आई म्हणाली. "दोन्हींवर."

मुंगी आधी बारक्यापुढे बसली. प्रोग्रॅम तिने मेलवर ठेवला होता, तो उतरवून घेतला आणि चालू केला. पडद्यावर गोल चकती फिरत राहिली. आईने मनगटावरचं घड्याळ वर केलं. चौतीस सेकंद. मुंगीने पुन्हा चालवला. छत्तीस. फोनवर याला दीड मिनिट लागायचं, त्यामुळे तिची तक्रार नव्हती. हात मांडीवर ठेवून ती वाट पाहत बसली. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसावं तशी.

मग जाड्यापुढे. अकरा सेकंद. पुन्हा चालवला, अकरा.

आलेख पडद्यावर उमटला. आठ महिन्यांचं पाणी, चढउतारांची रेघ. फोनच्या पडद्यावर तिने तो आजवर तुकड्या-तुकड्यानेच पाहिला होता, सरकवत सरकवत. आत्ता सबंध दिसला. मुंगी पुढे वाकली.

"आई, हे बघ."

"काय?"

"दर गुरुवारी पाणी लवकर संपतंय. मला कधी कळलंच नव्हतं. थांब, एक मिनिट, हे वेगळं काढून..."

ती लिहायला लागली. आधी सवयीने एकट्या उजव्या अंगठ्याने, कळांवर टोचत, आणि डावा हात पिन दाबून धरावी तसा लॅपटॉपच्या कडेला. मग तिचं तिच्याच लक्षात आलं. तिने डावा हात सोडवला, कीबोर्डवर आणून ठेवला. त्याला काय करायचं ते नीटसं माहीत नव्हतं. शाळेत एका कॉम्प्युटरवर तिघी बसत, आठवड्यातून एक तास. बोटं अडखळली, चुकली, मागे गेली. पुसलेल्या अक्षरांशी ती थांबली नाही.

दुकानदारीणबाईंनी भिंग डोळ्याला लावून आपला स्क्रू शोधायला घेतला, पण नजर तिकडेच होती. "गुरुवारी तळमजल्यावरचं कुणीतरी गाड्या धूत असणार," त्या पुटपुटल्या.

"कोचिंगवाले!" मुंगी म्हणाली. "तीन गाड्या आहेत त्यांच्या!" आणि हसली.

आईने घड्याळ पुन्हा वर केलं. तिसरं रीडिंग राहिलं होतं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. भावाचा होता. तिने तो कानाला लावला. त्या लहानशा दुकानात दादाचा मोठा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता.

"अगं, बरं झालं उचललास! काही घेतलं नाहीस ना अजून? थांब. एकदम थांब. माझ्या ओळखीचा एकजण सांगत होता, पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय. तोवर सगळं होल्डवर ठेव. नीट विचार करून मग ठरवू. ऐकतेस ना?"

मुंगीची बोटं थांबली. तिने वळून पाहिलं नाही. फक्त दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले, हळूच, आवाज न करता. ते दोन हात आईने पाहिले. सकाळचा फॉर्म, दोनदा खोडलेली पेन्सिल, अकरा पानं. पाठीचा कणा तासन् तास उभं राहिल्यासारखा दुखत होता. आणखी वीस मिनिटं थांबायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

तिने घड्याळाचा हात खाली घेतला.

"ऐकतेय, दादा," ती म्हणाली. "आम्ही दुकानातच आहोत. मुंगीसाठी हा जुना, जाडा घेतोय. आजच."